शस्त्र नसलेली सोंगटी

माझ्या भाच्याने मला संगणकावरचा नौदल-युद्धाचा खेळ शिकवला त्याला आता बरीच वर्षे झाली. तेव्हा मी चाळिशी ओलांडलेला, एका सहकारी संस्थेच्या हिशेब विभागात नोकरी करणारा माणूस होतो. लष्करी इतिहास वाचण्याचा नाद होता, पण तो सगळा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर पोसलेला. कुठल्याही विद्यापीठात मी या विषयाचा अभ्यास केलेला नाही, आणि समुद्रात माझी मजल घारापुरीच्या लाँचपलीकडे गेलेली नाही.

पहिल्याच डावात मी हिशेबनिसाची सवय दाखवली. माझ्या ताफ्यात एक विमानवाहू नौका होती आणि तिच्यावर निरनिराळी विमाने. प्रत्येकाची माहिती तक्त्यात दिलेली होती : वेग, पल्ला, शस्त्रे. एका विमानापुढचा शस्त्रांचा रकाना रिकामा होता. ना बॉम्ब, ना क्षेपणास्त्र, ना साधी बंदूक. वेगही बेताचा, दोन पंख्यांवर चालणारे. पाठीवर भल्यामोठ्या परातीसारखी एक तबकडी. मी ती चारही विमाने नौकेच्या पोटात ठेवली आणि डेक लढाऊ विमानांसाठी मोकळा केला. अर्ध्या तासात माझी विमानवाहू नौका बुडाली. हल्ला कुठून आला हे मला कळलेही नाही. भाचा हसून म्हणाला, "मामा, तू डोळे काढून कपाटात ठेवलेस आणि मग मारामारीला गेलास."

त्या विमानाचे नाव हॉकआय, म्हणजे ससाण्याची नजर. या लेखाचा विषय तेच विमान आहे. पण विमान म्हणून जितका, तितकाच खेळातली सोंगटी म्हणून. जी सोंगटी कुणालाच मारत नाही, तिची किंमत खेळात कशी मांडायची, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही. आणि तो प्रश्न केवळ खेळापुरता नाही, हे पुढे लक्षात येत गेले.

माळ्यावरची उंची

ज्वारी हुरड्याला आली की शेतकरी रानात माळा बांधतो आणि गोफण घेऊन वर बसतो. खाली उभ्या माणसाला ताटांपलीकडचे दिसत नाही. माळ्यावरच्याला पाखरांचा थवा बांधावर असतानाच दिसतो. समुद्रावर पिके नाहीत, पण तिथे दुसरी अडचण आहे. पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि समुद्राचा पृष्ठभाग हळूहळू खाली वळत जातो. त्या वळणाआड जे आहे ते रडारला दिसत नाही, मग ते कितीही शक्तिशाली असो.

याचा एक सोपा हिशेब आहे. रडारच्या उंचीचे मीटरमधले वर्गमूळ आणि लक्ष्याच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करायची व तिला ४.१२ ने गुणायचे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये. समजा, युद्धनौकेच्या डोलकाठीवरचे रडार समुद्रापासून २५ मीटर उंच आहे आणि शत्रूचे विमान लाटांवरून ३० मीटर उंचीने येत आहे. ते विमान नौकेला साधारण ४३ किलोमीटरवर आल्यावर दिसेल. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाला हे अंतर कापायला तीन मिनिटेही लागत नाहीत. विमानाने दुरून सोडलेले क्षेपणास्त्र तर लाटांना जवळजवळ चाटून, तीनेक मीटरवरून येते. ते २८ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसणार नाही, आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास उडत असेल तर हाती उरते जेमतेम दीड मिनिट.

आता तेच रडार ९००० मीटर उंचीवर न्या. ३० मीटरवरून येणारे तेच विमान ४०० किलोमीटरहून अधिक अंतरावर दृष्टिरेषेत येते. तीन मिनिटांची पंचवीसहून अधिक मिनिटे होतात. प्रत्यक्षात रडारची शक्ती, लाटांवरून येणारे फसवे प्रतिध्वनी, हवामान यांमुळे हा आकडा कमी होतो. तरी फरक राहतोच, आणि तो प्रकारातला फरक आहे. तीन मिनिटांत माणूस फक्त बचाव करू शकतो. पंचवीस मिनिटांत तो विचार करू शकतो.

हॉकआयच्या पाठीवरची ७.३ मीटर व्यासाची तबकडी म्हणजे हा माळा. आतली अँटेना तिच्यासह मिनिटाला सुमारे सहा फेरे घेत फिरते. आत पाच माणसे असतात : पुढे दोन वैमानिक आणि मागे पडद्यांसमोर तिघे. हे तिघे नुसते पाहत नाहीत. कुठल्या लढाऊ विमानाने कुठे जायचे हेही तेच सांगतात. म्हणजे माळ्यावरचा माणूस गोफण दुसऱ्याच्या हाताने फिरवतो.

ओकिनावाचा धडा

ही कल्पना सुचली ती आरामात बसून नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपानी वैमानिक आपली विमाने अमेरिकी नौकांवर आदळू लागले. १९४५ च्या एप्रिल ते जून या काळात ओकिनावा बेटाभोवती हे हल्ले शिगेला पोचले. मुख्य ताफ्याला आगाऊ इशारा मिळावा म्हणून अमेरिकी नौदलाने विनाशिका दूरवर, बेटाच्या चहूबाजूंनी, पहाऱ्यावर ठेवल्या. त्यांचे रडार म्हणजे ताफ्याचे पुढे सरकवलेले डोळे. हल्लेखोरांना प्रथम भेटत त्या याच नौका, आणि मुख्य ताफ्यापर्यंत न पोचता ते यांच्यावरच कोसळत. पहाऱ्यावरच्या अनेक नौका बुडाल्या, अनेक मोडल्या आणि शेकडो खलाशी मेले.

डोळा नौकेवरून उचलून आकाशात न्यावा, यासाठी मॅसॅच्युसेट्समधील रडार प्रयोगशाळेत 'कॅडिलॅक' नावाचा प्रकल्प आधीच सुरू झाला होता. मेन राज्यातल्या ज्या डोंगरावर त्याच्या चाचण्या झाल्या, त्याचेच नाव प्रकल्पाला मिळाले. ॲव्हेंजर या टॉर्पेडो विमानाच्या पोटाखाली मोठा घुमट बसवून त्यात रडार ठेवले गेले, आणि रडारवरचे चित्र रेडिओने खालच्या नौकेकडे पाठवायची सोय झाली. ही विमाने लढाईत उतरण्यापूर्वीच युद्ध संपले. पण कल्पना टिकली. पंधरा वर्षांनी, २१ ऑक्टोबर १९६० रोजी, हॉकआयने पहिले उड्डाण केले. १९६४ पासून ते अमेरिकी नौदलात आहे. सुधारित रूपात ते आजही उडते. इतकी वर्षे टिकलेली लढाऊ विमाने फार थोडी, आणि हे तर लढतही नाही.

ओकिनावाचा धडा मी माझ्या वहीत एका ओळीत लिहिला होता : उंचावर डोळा नसला, तर माणसांनी भरलेली नौका डोळा म्हणून पुढे उभी करावी लागते. ही ओळ पुन्हा लागणार आहे.

बुद्धिबळाच्या पटावर हे का जमत नाही

बुद्धिबळात टेहळणीची सोंगटी नाही, कारण तिची गरजच नाही. दोन्ही खेळाडूंना पूर्ण पट दिसतो. चुकतो तो विचार. माहिती कधी अपुरी नसते. खऱ्या युद्धात मात्र पहिली झुंज असते ती शत्रू कुठे आहे हे कळण्याची.

हे खेळात आणण्याचा मान प्रशियाच्या लष्कराकडे जातो. तिथे रायस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये वडिलांच्या जुन्या युद्धखेळाला नवे रूप दिले. त्याने मध्ये एक पंच बसवला. पूर्ण चित्र फक्त पंचाला माहीत. खेळाडू आज्ञा लिहून देणार आणि पंच त्याच्या तुकड्यांना जेवढे दिसले असते तेवढेच त्याला सांगणार. सोंगटी पटावर आहे, पण तुमच्या कुणी तिला पाहिले नसेल तर ती तुमच्यासाठी नाही.

दुसऱ्या महायुद्धात लिव्हरपूलमध्ये हीच युक्ती जिवावरच्या कामाला आली. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमधली व्यापारी जहाजे बुडवत होत्या, तेव्हा १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स याच्या हाताखाली एक छोटे पथक उभे राहिले. त्यात बहुतांश तरुण स्त्रिया होत्या. खोलीच्या जमिनीवर समुद्र आखलेला असे. खेळणारे नौदल अधिकारी पडद्यामागे उभे राहत आणि पडद्याच्या फटीतून त्यांना जेवढे दाखवायचे तेवढेच दिसे. पाणबुडीचा मार्ग अशा रंगाच्या खडूने काढत की फटीतून तो दिसू नये. खऱ्या ताफ्याचे रक्षण करून आलेले कप्तान इथे येऊन हरत, आणि हरून शिकत. त्या खेळातून निघालेले डावपेच पुढे समुद्रावर वापरले गेले.

आधुनिक नौदलाचा असा खेळ सामान्य माणसाच्या टेबलावर आणला तो लॅरी बाँड या माजी अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने. नौदलात प्रशिक्षणासाठी वापरला जाणारा खेळ गोपनीय होता, म्हणून त्याने उघड्या माहितीवर आपला स्वतःचा रचला. 'हार्पून' नावाने तो १९८० मध्ये कागदी स्वरूपात आला आणि १९८९ मध्ये संगणकावर. टॉम क्लॅन्सी आणि बाँड यांनी १९८६ च्या 'रेड स्टॉर्म रायझिंग' या कादंबरीतला विमानवाहू ताफ्यावरचा हल्ला याच खेळाच्या आधारे रचला. त्या प्रसंगात ताफ्याला डोळे असतात, पण सोव्हिएत बाजू त्या डोळ्यांना बनावट लक्ष्ये दाखवते. लढाऊ विमाने खोट्याच्या मागे धावतात आणि खरे क्षेपणास्त्रांचे थवे दुसरीकडून येतात. पुढे २०१३ मध्ये 'कमांड' हा खेळ आला आणि २०१९ मध्ये त्याची नवी आवृत्ती. भाच्याने मला शिकवला तो याच घराण्यातला.

या खेळांत पंचाचे काम संगणक करतो. समोर नकाशा असतो, पण तो रिकामा. तुमच्या एखाद्या रडारने काही पकडले की तिथे एक खूण उगवते. आधी ती नुसती 'अज्ञात' असते. भोवती एक वेडावाकडा पट्टा काढलेला असतो : ती वस्तू या पट्ट्यात कुठेतरी आहे, एवढेच कळलेले. मग हळूहळू पट्टा आकसतो. विमान आहे हे कळते, मग कुठल्या जातीचे, मग कुणाचे. अज्ञानाचे असे टप्पे पाडणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. आणि हॉकआयचे सगळे काम याच टप्प्यांवर चालते. ते शत्रूची एकही नौका बुडवत नाही. ते पट्टे आकसवते.

कंदील लावावा की नाही

डोळे कपाटातून काढल्यावर मी दुसरी चूक केली. हॉकआय उडवले, थेट विमानवाहू नौकेच्या डोक्यावर फिरत ठेवले आणि रडार अखंड चालू. मी पुन्हा हरलो. या वेळी शत्रू माझ्याकडे सरळ रेषेत आला, जणू कुणी त्याला बोट धरून आणले.

झाले होते ते असे. रडार म्हणजे अंधारातला कंदील नव्हे, विजेरी. विजेरीचा झोत झाडावर पडून परत आपल्या डोळ्यांपर्यंत यावा लागतो. जाताना तो पसरत क्षीण होतो, परततानाही होतो. पण झाडामागे जो लपला आहे त्याला झोत परतण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याला विजेरी थेट दिसते, आणि आपल्याला तो दिसण्याच्या कितीतरी आधी दिसते. रडारचे गणित हेच आहे. परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. नुसते ऐकणाऱ्यापर्यंत पोचणारी लहर वर्गानेच. म्हणून रडार लावणारा जेवढ्या अंतरावर पाहतो, त्याहून बऱ्याच दुरून तो स्वतः ऐकू येऊ शकतो.

त्यामुळे या सोंगटीची प्रत्येक चाल म्हणजे एक सौदा आहे. रडार लावले तर कळते, पण आपण आहोत हे जाहीर होते. बंद ठेवले तर लपता येते, पण आंधळेपणाने. खेळातल्या इतर सोंगट्यांबाबत प्रश्न असतो, मारावे की थांबावे. इथे प्रश्न असतो, जाणून घेण्यासाठी किती उघडे पडायचे.

अनुभवी खेळाडू यातून वाट काढतात. ते हॉकआय नौकेच्या डोक्यावर ठेवत नाहीत. शे-दीडशे किलोमीटर बाजूला नेतात आणि मगच रडार लावतात, म्हणजे ऐकणाऱ्याला विमान कळले तरी नौका त्याखाली नसते. नौका स्वतःची रडारे बंद ठेवते आणि हॉकआयला दिसलेले चित्र संदेशवहनाने घेते. डोळा एकीकडे, शरीर दुसरीकडे. शिवाय साखळी सांभाळावी लागते. एक विमान काही तासच वर राहू शकते. ते परतण्यापूर्वी दुसरे जागेवर पोचले पाहिजे आणि तिसरे डेकवर इंधन भरत असले पाहिजे. म्हणून नौकेवर चार-पाच असतात. हिशेबनिसाच्या नजरेने मी ज्यांना बिनकामाची जागा अडवणारी मानले होते, त्यांतले एकही जास्तीचे नव्हते.

डोळ्याविना खेळलेला डाव

हा सगळा तर्क खेळातला. पण एका नौदलाला हा डाव खरोखर या सोंगटीशिवाय खेळावा लागला.

ब्रिटिश नौदलाकडे पूर्वी विमानवाहू नौकांवरून उडणारे गॅनेट हे टेहळणी विमान होते, कॅडिलॅक प्रकल्पातून आलेल्या रडारच्याच घराण्यातले. ते उडवायला मोठा डेक आणि विमान भिरकावणारी यंत्रणा लागे. १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चाच्या कारणावरून नवी मोठी विमानवाहू नौका रद्द केली. शेवटची मोठी नौका, आर्क रॉयल, १९७८ च्या अखेरीस विमाने उतरवून निवृत्त झाली, आणि तिच्याबरोबर गॅनेटही गेली. उत्तर अटलांटिकमध्ये लढायचे झाले तर जमिनीवरची टेहळणी विमाने मदतीला येतील, असा हिशेब होता.

१९८२ मध्ये लढाई झाली ती दक्षिण अटलांटिकमध्ये, फॉकलंड बेटांपाशी, जिथे जमिनीवरचे कुठलेच ब्रिटिश टेहळणी विमान पोचू शकत नव्हते. ताफ्याची ध्वजनौका होती हर्मिस. वाचकांपैकी अनेकांनी ही नौका पाहिली असेल. हीच पुढे भारताने घेतली आणि १९८७ मध्ये ती आयएनएस विराट झाली. तीस वर्षे आपल्या नौदलात राहून मार्च २०१७ मध्ये ती मुंबईत निवृत्त झाली. घारापुरीच्या लाँचमधून मी तिला दोनदा पाहिले, तेव्हा तिच्या डेकचा पुढे वर वळलेला उतार बोटाने दाखवून लाँचवाला म्हणाला होता, "ती घसरगुंडी बघा, तिच्यावरून विमानं उडतात." त्या घसरगुंडीत ही सगळी गोष्ट आहे. १९६० च्या दशकात हर्मिसवरून गॅनेट उडत असे. मग तिची भिरकावणारी यंत्रणा काढली आणि नंतर तो उतार बसवला. त्यावरून छोटी हॅरिअर उडू शकत. जड टेहळणी विमान नाही. तिच्याच डेकवर एके काळी डोळे होते, आणि ते असे गेले.

डोळे नसलेल्या ॲडमिरल वुडवर्ड यांच्या ताफ्याने मग तेच केले जे ओकिनावाला झाले होते. शेफिल्ड, ग्लासगो आणि कोव्हेंट्री या तीन विनाशिका पुढे पहाऱ्यावर उभ्या केल्या. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या एका जुन्या नेपच्यून विमानाने रडारवर ताफ्याचा माग काढला. त्यांचा डोळा जुना होता, पण होता. मग दोन सुपर एतांदार विमाने लाटांलगत आली, क्षणभर वर उठून रडार लावले, लक्ष्य पाहिले आणि एकेक एक्झोसेट क्षेपणास्त्र सोडून वळली. एक शेफिल्डवर आदळले. वीस माणसे मेली. नौका सहा दिवसांनी बुडाली. २५ मे रोजी कोव्हेंट्रीही बॉम्बहल्ल्यात गेली.

त्यानंतर ब्रिटनमध्ये रात्रंदिवस काम करून अवघ्या अकरा आठवड्यांत सी किंग हेलिकॉप्टरच्या बाजूला फुगवता येणारा घुमट लावून त्यात रडार बसवले गेले. अशी दोन हेलिकॉप्टरे ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे निघाली. लढाई १४ जूनलाच संपली होती. जे काम वर्षानुवर्षे परवडत नव्हते ते अकरा आठवड्यांत झाले, फक्त उशिरा. आपल्या नौदलानेही याच वाटेने कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरे घेतली, कारण उताराच्या डेकवरून हॉकआय उडत नाही. हेलिकॉप्टर तीनेक हजार मीटरपर्यंतच चढते आणि कमी वेळ टिकते. तरी खाली उभ्या नौकेपेक्षा त्याचे क्षितिज कितीतरी दूर असते.

खेळात हा डाव मी अनेक रात्री मांडला. एकदा इतिहासाप्रमाणे, एकदा हर्मिसच्या ताफ्याला मनाने गॅनेट देऊन. गॅनेट असले की मी बहुतेक वेळा विनाशिका मागे ठेवू शकलो. याने काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. खेळात मी जे घातले तेच बाहेर आले. पण पुढे उभ्या केलेल्या त्या तीन सोंगट्या मागे घेताना हाताला जे वाटले, ते कुठल्या पुस्तकाने दिले नव्हते.

दिसले, पण पटले नाही

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता : डोळ्यांवर खर्च करा, माणसे वाचतील. पण शेफिल्डची हकीकत तिथे थांबत नाही.

एतांदार विमानांनी रडार लावले त्या क्षणी ग्लासगो नौकेवरच्या यंत्रांनी ते ऐकले होते. ग्लासगोने ताबडतोब इशारा दिला. पण त्या दिवसांत खोटे इशारे फार येत होते. हवाई बचावाचे समन्वय करणाऱ्या नौकेवर हाही खोटाच मानला गेला. शेफिल्डवर उपग्रहामार्फत संदेश चालू होते, त्यामुळे तिची स्वतःची ऐकणारी यंत्रणा काम करत नव्हती. आणि नंतरच्या चौकशीत तिथली तयारी अपुरी असल्याचे नोंदले गेले. म्हणजे कुणाला तरी कळले होते. माहिती ताफ्यात आली होती. ती माणसांपर्यंत पोचून पटायची राहिली.

संगणकावरच्या खेळाचे खोटेपण नेमके इथे आहे. तिथे हॉकआयने पाहिले की त्याच क्षणी सगळ्या ताफ्याने पाहिले. तिथे कुणी कंटाळलेला नाही, सकाळपासून दहा खोटे इशारे ऐकून वैतागलेला नाही, दुसऱ्या नौकेवरच्या माणसावर अविश्वास ठेवणारा नाही. खेळ पाहण्याची किंमत शिकवतो, ऐकण्याची नाही.

हे मला खेळातून नव्हे, सांगलीतल्या आमच्या घरी कळले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे हे सांगलीत लहान मुलांनाही पाठ असते. ४५ फूट म्हणजे धोका. आकडे तासातासाला येत होते. कराडहून मावसभावाचा फोन आला, "कोयनेतून सोडलेलं पाणी वाढतंय, आजच हल." मी त्याला समजावून सांगितले की २००५ च्या मोठ्या पुरातही पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. माझ्याकडे आकडे होते, उंचावरचा डोळाही होता, आणि जुन्या पुराचा एक हिशेब होता जो मला जास्त आवडत होता. दुसऱ्या रात्री आम्ही गच्चीवरून होडीत उतरलो. माणसे सगळी वाचली. खालच्या खोलीतली पुस्तके आणि युद्धखेळांच्या वह्या गेल्या, त्यातच ओकिनावाची ती ओळ लिहिलेली वहीही.

त्यानंतर भाचा आणि मी खेळण्याची पद्धत बदलली. दिवाळीच्या सुट्टीत सगळे जमले की आम्ही संगणक बंद ठेवतो आणि कागदावर खेळतो, दोन खोल्यांत. मधल्या सोप्यात भाची पंच म्हणून बसते. टेहळणी विमानाला काय दिसले ते ती चिठ्ठीवर लिहून पाठवते. नियम तिचाच : चिठ्ठी कधी उशिरा येईल, कधी अर्धी असेल, आणि काही चिठ्ठ्या सरळ खोट्या असतील. गुणही आम्ही वेगळे देतो. शत्रूची नौका बुडवल्याचे जेवढे, तेवढेच आपली नौका वेळेत मागे घेतल्याचे. या दुसऱ्या रकान्यातले गुण जवळजवळ सगळे हॉकआयच्या नावावर जमतात.

गेल्या दिवाळीत भाचीने मला चिठ्ठी पाठवली : वायव्येला दोन अज्ञात, वेगाने येत आहेत. त्याआधीच्या तीन चिठ्ठ्या खोट्या निघाल्या होत्या. मी ती बाजूला ठेवली आणि चहा घेतला. चहा संपायच्या आत भाच्याने दारातून डोकावून सांगितले की माझ्या पुढच्या विनाशिकेवर क्षेपणास्त्र आदळले आहे. भाची काही बोलली नाही. तिने ती चिठ्ठी उचलून माझ्या वहीत, त्या डावाच्या पानावर, डिंकाने चिकटवली.